नलूची टाकी समुद्राने आली

नलूच्या टाकीला खर्च किती आला, हे विचारायला लोक नलूकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात. तिला विचारलं की ती आधी जेवायला बसवते, मग सुपारी कातरून हातावर ठेवते, आणि आकडा तसाच राहून जातो. मी तिची शेजारीण. आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये एक गडगा आहे, चिऱ्यांचा, कमरेएवढा. त्या गडग्यावर कोपर टेकून मी तिचा निम्मा संसार पाहिलेला आहे. शिवाय पाहुण्यांसाठी माझ्याही तीन खोल्या आहेत. तेव्हा दिवेआगरात कुणी काय नवीन केलं आणि ते केवढ्याला पडलं, यावर माझं लक्ष असणारच. धंदा आहे, त्यात लाजायचं काय?

नलू मूळची म्हसळ्याकडची, भातशेतीवाल्यांची मुलगी. लग्न होऊन समुद्रकाठी आली खरी, पण समुद्राचं पाणी तिने कधी घोट्याच्या वर चढू दिलं नाही. लाट आली की साडी उचलून मागे सरायची. "तो हाय तिथं बरा हाय," असं समुद्राबद्दल बोलायची. सासरच्या एखाद्या तापट माणसाबद्दल बोलावं, तसं. नवरा गेल्यावर वाडी तिने एकटीने सांभाळली. पोफळींना पाणी, सुपारीची सोलणी, वरती दोन खोल्यांतल्या पाहुण्यांचं जेवणखाण, सगळं तिच्याच अंगावर. आवाज असा की तिकडे तिने कुणाला हाक मारली की इकडे मी "ओ" देते.

मग वीस सालचं वादळ आलं. त्याचं वर्णन मी करत बसणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना नको आहे आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना कळणार नाही. नलूच्या वाडीचा मधला भाग साफ झाला. माड मुळासकट गेले, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी ती वाडीतून फिरत होती. पडलेल्या झाडांसाठी ती रडली नाही. कडेला उभ्या राहिलेल्या अकरा पोफळी होत्या, त्यांच्यातल्या एकीला मिठी मारून रडली. मी गडग्यापाशी होते, पण हाक मारली नाही.

नवीन रोपं लावली. पण पोफळ काही कोथिंबीर नव्हे, आज पेरली नि महिन्याने खुडली. वर्षं जातात. तोवर घर चालायचं ते पाहुण्यांवर, आणि पाहुण्यांचे फोन यायचे ते एकच विचारायला: "पूल आहे का हो?" वाडीच्या मागे सुरूची झाडं, त्यांच्यामागे एवढा थोरला समुद्र पसरलाय, आणि ह्यांना पोहायला टाकी पाहिजे! मला राग यायचा. नलू मात्र म्हणायची, "मला कळतं त्यांचं. मला बी टाकीच परवडली असती."

सदाभाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर. राहायला पनवेलला, वाडीत निम्मा वाटा त्यांचा. माणूस वाईट नाही. अंगाने भरलेला, खुर्चीत बसला की खुर्ची आधी कुरकुरते. पण व्यवहाराचं बोलायला लागला की चेहरा बंद दुकानासारखा. गेल्या दिवाळीत ते आले आणि फराळाचं ताट खाली ठेवायच्या आत म्हणाले, "वहिनी, वाडीत आता उरलंय काय? दीपेश तुमचा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात. तो काही सुपारी सोलायला परत यायचा नाही. मुंबईची पार्टी तयार आहे. विकून टाकू."

"आणि मी कुठं जाऊ?"

"मुलाकडे. फ्लॅट आहे त्याचा."

"तिथं अंगण हाय?"

सदाभाऊजींनी चकली उचलली. नलू चुलीपाशी गेली, परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "भाऊजी, मोकळ्या जागेत मी पोहायची टाकी बसवते. टाकी असली की खोल्या भरतील, आणि वर्षाला तुमच्या वाट्याचं जे होईल ते तुम्हांला घरपोच मिळंल. पावसाच्या आधी टाकी बसवून, पाण्यानं भरून दाखवते. दाखवली, तर विकायचं नाव परत काढायचं न्हाय. न्हाय जमलं, तर तुम्ही सांगाल तिथं सही करते."

सदाभाऊजी इतक्या पटकन हो म्हणाले की मला तिथेच संशय आला.

कंपनीकडून भावेश नावाचा मुलगा माप घ्यायला आला. हसरा, तुरतुर चालणारा. सिमेंटची टाकी बांधायला महिने जातात, फायबरची तयार येते, खड्ड्यात ठेवली की झालं, असं त्याने समजावलं. टाकीची किंमत चार लाखांच्या आत. नलूचा चेहरा उजळला. मग तो पुढचं सांगत गेला. खोदाई, खाली बारीक खडीची गादी, पाइप, फिल्टर, पंप, कडेची फरशी, मजुरी. हे सगळं मिळून पुन्हा तेवढंच. नलूने तेही ऐकून घेतलं. तिच्या पाटल्या होत्या, नुकसानभरपाईतून राखलेले होते, भिशी होती. जमत होतं.

शेवटी निघाली क्रेन.

टाकी एकसंध. अठरा फूट लांब, नऊ फूट रुंद. तिला ना जोड, ना घडी. आणि आमची गल्ली दोन्हीकडच्या गडग्यांमध्ये जेमतेम सात फूट. म्हणजे टाकी घरावरून उचलून आत सोडायची. त्याला लांब हाताची क्रेन पाहिजे, ती पनवेलहून येणार, तिचं भाडंच दोन लाखांच्या वर. ती उभी करायला माझा गडगा पाडायचा. आणि तिचा हात फिरायला मोकळं आभाळ पाहिजे, म्हणून त्या अकराच्या अकरा पोफळी तोडायच्या. सदाभाऊजींनी हो का म्हटलं, ते आता कळलं.

"नवरी परवडली, वरात परवडेना," मी म्हटलं. नलू हसली नाही.

गडगा पाडायला मी सरळ नाही म्हटलं. सासऱ्यांनी डोक्यावरून चिरे आणून रचलाय तो. आजही कुणी विचारलं तर नाहीच म्हणेन. पण नलूने गडग्याचा हट्ट धरलाच नाही. पैसे नव्हते, ते तिने कुठून तरी उभे केले असते. ती अडली ती पोफळींपाशी.

"वादळाला जमलं न्हाय, ते मी पैसे देऊन करू?" म्हणाली.

भावेश निघून गेला. त्यानंतर महिनाभर नलूच्या घरातून मोठा आवाज आला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. नारळी पौर्णिमेला भरडखोलच्या कोळ्यांच्या होड्यांसाठी नारळ जातात ते नलूच्या वाडीतून. तिच्या सासऱ्यांपासूनची रीत आहे. वादळाच्या वर्षी वाडीत झाडाला नारळ नव्हता. नलूने बाजारातून विकत आणले आणि टोपली घेऊन स्वतः भरडखोलला गेली. मी सोबत होते. अंबाजी तांडेल, म्हणजे तिथल्या मोठ्या होडीचा म्होरक्या, टोपली बघून ओशाळला. "वैनी, औंदा राहू द्यायचं व्हतं. समुद्राला कळतं."

"त्याला काय सांगू? वादळ आलं म्हणून? त्यानंच तर आणलं," नलू म्हणाली आणि टोपली खाली ठेवली.

तर हा अंबाजी यंदा शिमग्यानंतर तिच्याकडे सुकट घेऊन आला. नलू पायरीवर बसलेली. फोनमध्ये टाकीचा फोटो होता, तो तिने उगाच त्याला दाखवला. अंबाजीने फोन लांब धरला, जवळ धरला, आडवा केला.

"वैनी, ही तर होडी हाय."

"टाकी हाय ती."

"फायबरची ना? आमच्या होड्या आता फायबरच्याच हायेत. हिला पुढं टोक न्हाय, एवढाच फरक. आन् होडी रस्त्यानं कोण आणतं? होडी पाण्यानं आणायची."

नलू उठून उभी राहिली. "किशोरीऽ!" अशी हाक मारली की माझ्या हातातलं सूप पडलं.

बेत दोघांनी तिथेच पायरीवर ठरवला. ट्रेलर भरडखोलच्या धक्क्यापर्यंत येतो, तिथे रस्ता रुंद आहे. तिथून टाकी पाण्यात सोडायची, होडीमागे दोराने बांधायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ओढत आणायची. अमावस्येच्या उधाणाला भरतीचं पाणी आमच्या सुरूच्या झाडांपर्यंत येतं. तिथे टाकी लावायची आणि वादळात पडलेल्या पोफळींचे ओंडके नलूने गोठ्यात रचून ठेवले होते, ते खाली टाकत, होड्या वर घेतात तशी सरकवत वाडीत घ्यायची. मागच्या बाजूला ना गल्ली, ना गडगा. केवड्यातली वाट रुंद आहे.

भावेशला फोन केला तेव्हा आधी त्याने तेच दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "काकी, टाकी समुद्रात? कंपनीची जबाबदारी ट्रेलरवरून उतरेपर्यंतच."

"पुढची माझी. फक्त तुझी ती पाइपांची भोकं इथं आल्यावर पाड."

"भोकं नसली तर..." तो थांबला, आणि हसायलाच लागला. "येतो काकी. मला बघायचंय हे."

चैत्रातली अमावस्या धरली. सदाभाऊजी सकाळीच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळे बूट. "वहिनी, अमावस्येला कुणी शुभकार्य करतं का?"

"समुद्र आज पुढं येतो, भाऊजी. त्याच्या सोयीनं घ्यावं लागतं."

दुपारच्या भरतीला आम्ही सगळे किनाऱ्यावर. अर्धं गाव होतं, पाहुणे होते, कुल्फीवाला गाडी घेऊन आला होता. आधी अंबाजीची होडी दिसली. मग तिच्यामागे, लाटांवर खाली-वर होत, निळी टाकी आली. रिकामी, हलकी, डुलत. इतका वेळ मी "बुडेल, बुडेल" म्हणत होते. ती दिसली आणि मला हुंदका आला. माझी टाकी नाही, उलट माझा धंदा बुडवणारी टाकी, आणि मी रडतेय! नलू पार पुढे जाऊन उभी होती. एक लाट आली, गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. तिने साडी उचलली नाही.

मग कोळी खाली उतरले. अंबाजीने आरोळी दिली की सगळे एकदम खांदा लावायचे. मागचा ओंडका मोकळा झाला की बाया तो उचलून पुढे पळायच्या. भरडखोलच्या बाया, आमच्या आळीच्या बाया. टाकी वाळू चढली, सुरूंच्या सावलीतून गेली, केवड्याला घासत वाडीत शिरली आणि दोरांनी अलगद आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात उतरली. भावेशने पातळी लावून पाहिली आणि अंगठा दाखवला. अकरा पोफळी कडेला जशाच्या तशा उभ्या. टाळ्या, शिट्ट्या, विचारू नका. सदाभाऊजी सावलीत उभे होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, पण दोनच.

आणि वीज गेली.

खड्ड्यात झिरपणारं पाणी आदल्या दिवसापासून पंपाने उपसत होतो, तो पंप बंद पडला. भरती चढली की किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणीही चढतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. उधाणाला तर जास्तच. पण उधाण टाकी आणायला सोयीचं, याच आनंदात आम्ही सगळे. तेच उधाण खालून खड्ड्यातही येणार, हे नलूच्या, अंबाजीच्या, माझ्या, कुणाच्याही डोक्यात आलं नाही. परक्या माणसाने कोरडा दिवस तरी निवडला असता.

टाकीचं एक टोक हललं. मग बोटभर वर आलं.

"उचलतेय!" भावेश ओरडला. "आत वजन पाहिजे! पाणी भरा! वाकडी झाली तर खालची खडी सरकेल, मग काढून परत बसवावी लागेल!"

परत बसवायची म्हणजे पुन्हा सगळा खर्च, आणि पाऊस दारात. विहिरीवरचा पंपही विजेचाच. अंबाजीची दोन माणसं डिझेलचं इंजिन आणायला भरडखोलला पळाली. ते येईपर्यंत काय? मी नलूकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढं सगळं करून वाडी जाणार, आणि तीसुद्धा वीतभर पाण्यामुळे, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

मग तिने पदर खोचला.

"वजन पाहिजे ना? मग उभे काय राहिलात? चपला काढा आणि आत या!"

आणि पहिली तीच उतरली. तिच्यामागे अंबाजी, मग कोळी, मग बाया, मग आळीतले, मग पाहुणे. कुल्फीवालासुद्धा. मीही उतरले. माझं वजन मी इथे सांगणार नाही, पण उपयोग झाला. कोरड्या टाकीत आम्ही पंगतीला बसावं तसे मांडीला मांडी लावून बसलो. टाकी थांबली. पण एक कोपरा, पायऱ्यांकडचा, अजून टेकत नव्हता. भावेश खड्ड्याच्या काठावर पालथा पडून बघत होता. "तिकडे अजून पाहिजे. तिकडे!"

बाहेर आता एकच माणूस उभा होता.

सदाभाऊजींना काहीही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. थोडा वेळ तसेच उभे राहिले असते तर टाकी वाकडी झाली असती आणि दिवाळीतला शब्द त्यांच्या बाजूने लागला असता. त्यांनाही ते कळत होतं. चेहरा बंद दुकानासारखा.

नलूने हात जोडले नाहीत. गयावया केली नाही. त्या कोपऱ्याकडे बोट करून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, तिथं तुम्ही एकटे पुरे पडाल."

कुणी तरी हसलं. सदाभाऊजींनी पोफळींकडे पाहिलं. ह्याच पोफळींखाली ते चड्डीत खेळले होते, मी लग्न होऊन इथे आले तेव्हाचे त्यांचे ते दिवस मला आठवतात. ते खाली वाकले. बूट काढले, मोजे बुटांत नीट घातले, आणि पायऱ्या उतरून कोपऱ्यात जाऊन बसले.

"टेकली!" भावेश ओरडला. "टेकली! कुणी हलू नका!"

कुणी हललं नाही. उन्हात, घामात, एकमेकांना टेकून आम्ही बसून राहिलो. इंजिन आलं, विहिरीत पाइप पडला, आणि पायाशी गार पाणी आलं. बायांनी किंकाळ्या मारल्या. पाणी मांडीवर आलं, कमरेला आलं. नलूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. "किशोरी, वर येतंय गं." "येऊ दे," मी म्हटलं, "तुझ्याच विहिरीचं आहे."

इतक्यात सदाभाऊजींचा फोन वाजला. तो त्यांनी मघापासून डोक्यावर धरला होता. नाव बघून ते दचकले. मुंबईची पार्टी. सगळी टाकी कान टवकारून बसली, इंजिनाचा तेवढा आवाज.

"हां, बोला. हो, वाडीतच आहे... नाही. नाही हो, विकायची नाही." पलीकडून काही तरी मोठ्याने विचारलं गेलं. सदाभाऊजी चिडले. "कारण काय विचारता? मी आत बसलोय!"

अंबाजीने अशी आरोळी ठोकली की पोफळींवरचे कावळे उडाले. नलूने माझं मनगट सोडलं. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती त्या पाण्यात बसल्या जागी हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी दोन्ही करत होते.

पाणी पुरेसं चढल्यावर भावेशने सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. कोळ्यांनी एक पैसा घेतला नाही. "आन् मासे नको करू वैनी, मासे रोजचेच," एवढंच अंबाजी म्हणाला. तेव्हा खर्च विचारणाऱ्यांना मी सांगते ते असं: सगळं मिळून आठ लाखांच्या आत, आणि क्रेनच्या जागी वीस कोंबड्या आणि तांदळाच्या भाकऱ्या. त्यांतल्या निम्म्या भाकऱ्या माझ्या हातच्या होत्या, तेही लिहून घ्या.

अंगणात पंगत बसली. सदाभाऊजी दिसेनात. नलू ओल्या साडीनेच ताट वाढून मागे गेली, मी मीठ घेऊन मागोमाग. पाणी जवळजवळ काठाला आलं होतं, आणि हे आपल्या कोपऱ्यात, गळ्यापर्यंत पाण्यात, पांढरा शर्ट फुगलेला, पोफळींच्या शेंड्यांकडे बघत बसलेले.

नलूने ताट काठावर ठेवलं. "भाऊजी, या आता वर. आता न्हाय उचलत ती."

"माहीत आहे," सदाभाऊजी म्हणाले. "जरा बसू दे, वहिनी. आपलीच आहे ना."